वादळ विरलं, मग हा पाऊस कुठला?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूरला राहतो. टीव्हीवर सांगितलं की वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर येऊन विरलं, आम्ही निवांत झोपलो, तर रात्रभर धो धो पाऊस आणि असलं वारं की गच्चीवरचा पत्रा उडून शेजारच्यांच्या गाडीवर! विरलं म्हणजे नक्की काय मग?
— एक वाचक ताई

उत्तर : ताई, विरलं म्हणजे वारं कमी झालं, पाणी नाही. हवामान खातं वादळाचा दर्जा ठरवतं तो वाऱ्यावरून. ताशी 62 किलोमीटर किंवा जास्त असेल तर चक्रीवादळ, 50 ते 61 म्हणजे डीप डिप्रेशन, 31 ते 49 म्हणजे डिप्रेशन. जमिनीवर आलं की खालून गरम समुद्राची वाफ मिळायची बंद होते, झाडं-डोंगर-घरांना घासून वेग पडतो, पण आधीच गोळा केलेली वाफ वरच असते की, ती कुठंतरी पडणारच.

ऑक्टोबर 2020 चं वादळ आठवतंय ना? ते तर चक्रीवादळ झालंच नव्हतं, त्यामुळं नावसुद्धा नाही मिळालं, नुसतं डीप डिप्रेशन. 13 तारखेला काकिनाडाजवळ किनाऱ्यावर आलं, हैदराबाद बुडवलं आणि 14 ला आपल्याकडं. काकिनाडा इथून साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे बरं का! त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून 6 जण गेले. त्यामुळं टीव्हीवर ‘तीव्रता घटली’ ऐकलं तरी आपल्या जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट का रेड ते बघायचं, वादळाचं नाव काय आणि ते कुणी ठेवलं यावर व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा नंतर करू.

आता पत्र्याचं. सरासरी वारं कमी असलं तरी जोरदार सरीबरोबर ढगातली गार हवा एकदम खाली आपटते आणि जमिनीवर चौफेर पसरते, तोच तो झटका. ती पत्र्याखाली शिरली की पत्रा उचलला जातो, वर ठेवलेल्या विटा त्याला धरत नाहीत, उलट त्याच खाली कुणाच्या तरी डोक्यात. हुक बोल्टनं पाइपाला आवळून घ्या. आणि गच्चीचा पाइप पाला काढून मोकळा करा, हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं.

प्रश्न : मंगळवेढ्याला शेती आहे. मालदांडी ज्वारी पेरायची राहिलीय, पुढं दोन दिवस पावसाचे सांगतात. ओल आहे तोवर उरकून टाकू का?

उत्तर : थांबा मालक. पेरल्या पेरल्या झोडपलं की वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो, बियाणं गेलं, मजुरी गेली. वाफसा येऊ द्या, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं, असं होऊ द्या. मुठीत माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटला तर पेरा, चिकटून राहिला तर अजून नाही.

प्रश्न : भीमेकाठी गाव आहे आमचं. पाऊस उघडला, ऊन पडलंय, मोटारी परत नदीवर बसवायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे दादा. तुमच्याकडं उघडला, वर नाही उघडला. उजनी धरणातून किती सोडतात ते बघाच, पण उजनीच्या खाली नरसिंगपूरला नीरा नदी भीमेला मिळते, म्हणजे वीर धरणाचं पाणी वेगळं येतं, लोक ते विसरतात. कुडलला सीना नदी मिळते, त्याच्या खालचे असाल तर सीनेचंही पाणी धरा. दोन्ही धरणांचा विसर्ग कमी झाल्याची बातमी येईपर्यंत मोटारी आणि स्टार्टर घरीच राहू द्या, जनावरं वरच्या रानात बांधा, आणि पुलावरून पाणी असेल तर मोटारसायकल घालू नका. काही अडलं तर जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर 1077.