पहिल्या घरात ळ आला तर

अरे, शब्दकोड्यातली उत्तरं बरोबर असून जुळत नाहीत ना? आधी कोड्याचं शीर्षक वाच. ‘उलटी गंगा’ म्हटल्यावर नद्याच शोधायच्या आणि त्या उलट्या भरायच्या. आपल्या साताऱ्याच्याच घे: तारळी उलटी भरली की ळीरता, वेण्णा झाली ण्णावे. मराठी शब्द ळ किंवा ण ने सुरू होत नाही, त्यामुळे आडव्या शब्दाच्या पहिल्या घरात ते अक्षर आलं की समज, हा उलटा. काना-मात्रा अक्षरासोबतच जाते. राम उलटला की मरा, वाल्याला विचार!

शोधसूत्रातली, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या ओळीतली, उलथापालथ मात्र वेगळी. ‘परतलेलं पीक म्हणजे धंदा (2)’ : दोन अक्षरं, मका उलटून काम. ते घरात सरळच भरायचं. इथेच मी पहिल्यांदा फसलो, तेही पेनाने. पेन्सिल घे.