परसबागेतील हनीड्यू खरबूज: वेल फोफावतो, मग फळात गोडी का उतरत नाही?

परसबागेतील खरबुजाविषयी आलेल्या पत्रांत तीन प्रश्न वारंवार आढळले. एका भगिनीने बाजारातून आणलेल्या, गुळगुळीत सालीच्या आणि आतून फिकट हिरव्या हनीड्यू खरबुजाचे बी अंगणात लावले. वेल जोमाने वाढला, परंतु फळे बेचव निघाली. शेजारी काकडीचा वेल होता, त्यामुळे असे झाले का, असे त्या विचारतात. एका शेतकरी बंधूंच्या वेलावर फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. तिसऱ्यांना फळ केव्हा तोडावे हेच उमगत नाही, कारण जाळीदार खरबूज पिकल्यावर देठापासून आपोआप सुटते, तसे हे फळ सुटत नाही. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने उत्तर एकत्रच देत आहे.

प्रथम काकडीवरचा आळ दूर करतो. काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात आणि खरबुजात १२. त्यामुळे या दोन पिकांचा परस्परांशी संकर होत नाही. चिबूड, शेंदाड आणि वाळूक ही मात्र खरबुजाचीच भावंडे आहेत आणि त्यांच्याशी संकर सहज होतो, तरीही त्याचा परिणाम त्या फळाच्या गरावर दिसत नाही, बियांतून येणाऱ्या पुढच्या वेलावर दिसतो. बाजारातील हनीड्यू बहुधा संकरित वाणाचे असते आणि त्याच्या बियांपासून आलेल्या वेलांत मूळ गुण विखुरले जातात. म्हणून दरवर्षी खात्रीच्या विक्रेत्याकडून बियाण्याचे नवे पाकीट घ्यावे. घरच्या चार-पाच वेलांसाठी हा खर्च फार नाही.

चांगले बियाणे घेऊनही फळ फिके निघू शकते, आणि त्याचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे. केळी किंवा आंबा कच्चा उतरवून पिकवता येतो, कारण त्यात साठलेल्या पिष्टाची नंतर साखर होते. खरबुजात असा साठा जवळजवळ नसतो. फळातील साखर वेलाच्या पानांत तयार होऊन रोजच्या रोज देठातून फळात येते, आणि ती प्रामुख्याने पक्वतेच्या शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत साठते. त्या काळात पाने भुरीने (पानांवर पांढरी पूड दिसणाऱ्या बुरशीजन्य रोगाने) वाळली, एका वेलावर सहा-सात फळे राहिली किंवा फळ आठवडाभर आधी तोडले, तर कोणतेही खत ती गोडी परत आणू शकत नाही. म्हणून हनीड्यूची सारी निगा म्हणजे शेवटपर्यंत हिरवी पाने आणि मोजकी फळे राखणे होय.

पेरणीची वेळही त्यासाठीच सांभाळावी लागते. हनीड्यूला वाणानुसार साधारण ८० ते ११० दिवस लागतात. घाटावर आणि मराठवाड्यात जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बी लावल्यास फळे वळवाच्या पावसाआधी हाती येण्याची शक्यता अधिक असते; मार्चमध्ये लावलेल्या वेलाची फळे पक्वतेच्या वेळी पाऊस पडला की तडकतात. दिवसातून सहा ते आठ तास ऊन मिळणारी जागा निवडावी. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात चार-पाच किलो पूर्ण कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी. रोप वाढवून लावायचे असल्यास कागदी पेल्यात वाढवावे आणि दोन खरी पाने येताच मुळे न दुखावता लावावे. गच्चीवर निदान ४० लिटर मातीची पिशवी घ्यावी व त्यात एकच वेल ठेवावा. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाने मोठी होतात, पण फळधारणा लांबते.

आता फुलांविषयी. आधी येणारी फुले बहुतेक नर असतात आणि ती गळणारच. त्याने घाबरून फवारणी करू नये. फळ धरणारी फुले बाजूच्या फुटव्यांवर येतात आणि पाकळ्यांखालच्या सुपारीच्या आकाराच्या फुगीर भागावरून ओळखता येतात. म्हणून मुख्य वेलाला पाच-सहा पाने झाल्यावर शेंडा खुडावा आणि दोन-तीन सशक्त फुटवे वाढू द्यावेत. खरबुजाचे पराग चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने वाहून जात नाहीत, मधमाशीच लागते. गच्चीवर मधमाश्या येत नसतील, तर सकाळी दहाच्या आत ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग फळाच्या फुलातील मधल्या भागावर हलकेच लावावेत. कोणतीही फवारणी, अगदी निंबोळी अर्काचीसुद्धा, सायंकाळीच करावी.

फळे लिंबाएवढी झाली की जमिनीतील वेलावर दोन किंवा तीन आणि पिशवीतील वेलावर एकच फळ ठेवून बाकीची काढून टाकावीत. हे करताना जीव तुटतो, याची मला कल्पना आहे. परंतु विरळणी न केलेल्या वेलावरील फळांची गोडी विभागली जाते. त्याच वेळी फळावर कागदी पिशवी बांधावी, कारण फळमाशी कोवळ्या सालीखाली अंडी घालते. क्यू ल्युअरचा, म्हणजे फळमाशीला भुलवणाऱ्या गंधद्रव्याचा, सापळा केवळ नर माश्यांना ओढतो, त्यामुळे लहान बागेत त्याच्यावरच विसंबून राहू नये. किडलेली फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत. पानांवर भुरीचे पांढरे ठिपके दिसताच ती पाने काढावीत. कडक उन्हाळ्यात गंधकाची फवारणी मात्र टाळावी, कारण खरबुजाची पाने त्याने करपतात.

पाणी बुंध्याशी व खोलवर द्यावे, पाचटाचे आच्छादन करावे आणि फळाखाली कौलाचा तुकडा ठेवावा. दुपारी पाने मलूल दिसली तरी लगेच पाणी देऊ नये. सायंकाळीही ती तशीच राहिली तर द्यावे. तोडणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी कमी करावे, पण पाने सुकू देऊ नयेत.

तोडणीसाठी सर्वांत विश्वसनीय उपाय सोपा आहे. फळ सुपारीएवढे झाले त्या दिवशी देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवावी. तेथून सुमारे ३५ ते ४५ दिवसांनी सालीची हिरवट छटा जाऊन ती दुधाळ किंवा फिकट पिवळी होते, तिच्यावरील बारीक लव नाहीशी होऊन हाताला मेणचटपणा जाणवतो आणि फुलाकडील टोक अंगठ्याने दाबल्यास किंचित दबते. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यावर दोन बोटे देठ राखून फळ कात्रीने कापावे. ओढून तोडू नये. घरात दोन-तीन दिवस ठेवल्यास गर मऊ होतो व सुवास येतो, गोडी मात्र वाढत नाही. चाखताना फळ कडू लागल्यास ते खाऊ नये, संपूर्ण टाकून द्यावे.