वाचनालयातले रॅक चालायला-वाकायला त्रास असलेल्या वाचकांना वापरता यावेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गावच्या वाचनालयात गुडघ्यांनी बेजार झालेले ज्येष्ठ बरेच आहेत, एक मुलगी व्हीलचेअरवर येते आणि नव्या रॅकना पैसे नाहीत. मी तालुक्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमचीही गत हीच होती.

नवे रॅक घेऊच नका. आधी कुणाची तरी व्हीलचेअर तासाभरासाठी मागून आणा आणि स्वतः बसून फिरा. मी दुसऱ्याच ओळीत अडकलो. चाकं जात होती, पण ती फिरवताना माझी कोपरं दोन्हीकडच्या पुस्तकांवर घासत होती. दोन रॅकमध्ये आम्ही जेमतेम अडीच फूट सोडले होते. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांत ही वाट किमान 36 इंच लागते. पुस्तकांच्या रॅकच्या उंचीला मात्र ते नियम मर्यादा घालत नाहीत. मला आधी हे उलटंच वाटलं. पण वरच्या खणातलं पुस्तक कुणीही काढून देईल. ओळीत शिरताच आलं नाही, तर तिथे काय आहे हेच कळत नाही, मग मागणार काय? आम्ही एक रॅक काढून टाकला आणि वाट साडेतीन फूट केली. ओळ भिंतीपाशी संपत असेल तर तिथे पाच बाय पाच फूट मोकळे ठेवा. नाहीतर त्या मुलीला अख्खी ओळ उलटं यावं लागेल.

एक रॅक गेला, मग पुस्तकं कुठे? आम्ही बाद करायच्या पुस्तकांची यादी केली. समितीत थोडी कुरकुर झाली, पण वाळवी लागलेल्या गाइडांसाठी कोण भांडणार!

खणांचं म्हणाल तर सगळ्यांचं लक्ष वरच्या खणाकडे जातं. ज्येष्ठांचा खरा वैरी तळचा खण. वाकलं तर उठता येत नाही. तिथे आम्ही दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे आणि बांधीव खंड टाकले, आणि मागणी असलेल्या कादंबऱ्या, चरित्रं जमिनीपासून साधारण दीड ते चार फुटांच्या पट्ट्यात आणली. बसलेल्या माणसाचा हात तेवढाच आरामात पोचतो. तुमचे रॅक स्लॉटेड अँगलचे, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांचे असतील तर पाना घ्या, खण वर-खाली होतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं पहिलं, ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’, आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला पाना हातात घेतल्यावर जरा कळला.

पुस्तकं ठासून भरू नका. संधिवाताची बोटं घट्ट बसलेलं पुस्तक ओढू शकत नाहीत. मग वाचक पुस्तकाच्या कण्याचं वरचं टोक धरून खेचतो आणि कणा फाटतो. प्रत्येक खणात वीतभर जागा रिकामी ठेवा. रॅक भिंतीला किंवा एकमेकांना बोल्टने पक्के करा, कारण तोल गेला की माणूस पहिला रॅकच धरतो. काचेची दारं असलेली कपाटं असतील तर दारं सरळ काढून टाका. उघडलेलं दार अर्धी वाट खातं.

वाचनालय पहिल्या मजल्यावर असेल, तर मात्र हे सगळं नंतर. आधी खालच्या एखाद्या खोलीत निवडक पुस्तकं आणा.

आणि ओळीच्या तोंडाशी, वाटेत येणार नाही अशी, हातांची खुर्ची ठेवा. स्टूल नको, उठताना टेकायला काहीतरी लागतं. आमच्याकडच्या एक आजी अनेक वर्षं काउंटरवरूनच सांगायच्या, ‘द्या बाबा काहीतरी देवाधर्माचं.’ आम्हीही तेच देत आलो. खुर्ची ठेवली त्या दिवशी त्या तिथे बसल्या, पाऊण तास चाळाचाळ केली आणि शिकारकथांचं पुस्तक घेऊन घरी गेल्या.