विक्स चढला की पैसा वाढतेच का?

प्रश्न: नमस्कार सर. कापसाचे दोन लाख हाती आले आहेत, जूनमधे पोरीची फी 80 हजार आहे अन बी-खताचाही खर्च आहेच. पुतण्या म्हणते काका, इंडिया विक्स वर गेला की डोळे झाकून निफ्टी घ्या, तीन महिन्यात पैसा वाढतेच, तोवर ऑप्शन विकून प्रीमियम खाऊ. 2020 चा चार्ट दाखवला त्यानं मले, खरंच तसं दिसते. यात तथ्य आहे का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, पोरगा अगदीच हवेत बोलत नाहीये, म्हणून नीट सांगतो. निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, अन विक्स म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनच्या चालू भावातून काढलेला अंदाज, पुढच्या 30 दिवसांत बाजार किती हलेल याचा, वर का खाली ते त्यात नसते. विक्स 15 हा वर्षाच्या हिशोबानं असतो, महिन्याचा काढला तर साधारण सव्वाचार टक्के.

आता त्याच्या बोलण्यातलं खरं काय ते. ऑप्शन म्हणजे एक विमाच, बाजार मोठा हलला तर घेणाऱ्याला भरपाई विकणाऱ्यानं द्यायची, अन माणूस घाबरला की विम्याला जास्त पैसे मोजतो, म्हणून भावात धरलेली हालचाल बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते. हा मधला फरक म्हणजे जोखीम अंगावर घेणाऱ्याची मजुरी. 2009 मधे बोलरस्लेव्ह, टॉचेन आणि झोऊ या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या बाजारावर दाखवलं की हा फरक मोठा असला तर पुढच्या तिमाहीचा परतावा सरासरीनं जास्त येतो. पण फरक हं, नुसता विक्स नाही! बाजार खरोखरच तेवढा आपटत असेल तर विक्स 40 असूनही फरक काहीच उरत नाही, आणि सरासरी म्हणजे तुमच्या वाट्याला तेच येईल असंही नाही.

2020 चंच पहा. विक्स 12 मार्चलाच 40 च्या वर बंद झाला, निफ्टी 9,590. त्या दिवशी घेतलं असतं तर 23 मार्चला निफ्टी 7,610, म्हणजे अकरा दिवसांत पाचवा हिस्सा साफ. चार्टवर तळ आज दिसतो भाऊ, तेव्हा कोणालाच दिसत नव्हता. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला म्हणून पुढच्या हंगामात आपल्या लोकांनी घरात गंजी लावून ठेवली, अन भाव उतरतच गेला, ते आठवते ना?

ऑप्शन विकायचं तर बिलकुल नाही. ते म्हणजे खिशात दोन लाख ठेवून विमा कंपनी उघडणं, महिनोन्‌महिने प्रीमियम येतो आणि 23 मार्चसारखा एक दिवस उगवतो, निफ्टी एका दिवसात 13 टक्के खाली, मग तोटा दोन लाखावर थांबत नाही, वरून भरावे लागतात. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

फीचे 80 हजार आजच एफडीत टाका, जूनच्या आधी सुटेल अशी. बी-खताचे बचत खात्यात राहू द्या. यातून जे उरेल अन पाच-सात वर्षं लागणार नाही तेवढंच इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, थोडं थोडं करून. पुतण्याला एक वही द्या, महिन्याच्या सुरुवातीचा विक्स एका बाजूला आणि त्या महिन्यात निफ्टी खरंच किती हलला ते दुसऱ्या बाजूला, वर्षभर लिहू द्या. वही भरली की पाठवा, मी मनापासून वाचीन.