हायफन, डॅश की मायनस? मॅन पेजमधल्या आडव्या रेघा

प्रश्न असा : ग्रॉफ (मजकुराची मांडणी करणारा प्रोग्राम) वापरून मॅन पेज, म्हणजे कमांडचं माहितीपान, कसं लिहायचं हे मराठीत समजावताना हायफन, डॅश आणि मायनस या तिन्हींना सरसकट ‘डॅश’ म्हटलं तर चालेल का?

नाही. मराठीत तीन शब्द आहेतच : संयोगचिन्ह, अपसारणचिन्ह आणि वजाचिन्ह. ग्रॉफच्या बाबतीत ते काटेकोरपणे वेगळेच ठेवावे लागतात.

मूळ मजकुरात नुसतं - टंकलं की ग्रॉफ त्याला संयोगचिन्ह समजतो. कमांडच्या पर्यायाआधी हवं असतं वजाचिन्ह, आणि ते \- असं लिहितात. पूर्ण शब्दाच्या लांब पर्यायाला अर्थातच \-\- असं दोनदा. हा भेद जुना आहे. जो ओसाना यांनी १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये ट्रॉफ, म्हणजे ग्रॉफचा पूर्वज, लिहिला तो फोटोटाइपसेटर या अक्षरजुळणीच्या यंत्रासाठी, आणि छपाईत या दोन चिन्हांचे आकार वेगळेच असतात.

चुकलं तर काय होतं? यूटीएफ-८ टर्मिनलवर नुसत्या - चं यू+२०१० या युनिकोड क्रमांकाचं संयोगचिन्ह होतं. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. पण वाचकाने तो पर्याय पानावरून उचलून एलएस या फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडपुढे चिकटवला, की एलएस त्याला फाइलचं नाव समजतो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबतो. पानात तो पर्याय शोधायला गेलं तरी सापडत नाही, कारण कीबोर्डवरची खूण वेगळी. शिवाय संयोगचिन्हापाशी ग्रॉफ ओळ तोडू शकतो, \- पाशी तोडत नाही. लांब पर्यायाचे दोन तुकडे होतात ते यामुळेच. काही लिनक्स वितरणं दोन्ही चिन्हं एकसारखी दाखवतात, त्यामुळे लेखकाच्या यंत्रावर चूक लपते आणि दुसरीकडे उघडी पडते. ही सोय मला घातक वाटते.

‘रीड-ओन्ली’सारख्या जोडशब्दात मात्र साधं - च बरोबर, तिथे \- घालू नये. वाक्यातल्या अपसारणचिन्हासाठी बॅकस्लॅश, उघडा कंस आणि ई-एम ही दोन अक्षरं.

पहिल्या, म्हणजे नावाच्या विभागात ‘कमांड \- एका ओळीत वर्णन’ असा साचा ठेवा, रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून. व्हॉटइज आणि अप्रोपो या मॅन पेज शोधणाऱ्या कमांडांची सूची याच ओळीवरून बनते. साचा बिघडला तर पान शोधात येतच नाही.

एमडॉक मॅक्रो (मॅन पेज लिहिण्यासाठीच्या तयार आज्ञांचा संच) वापरत असाल तर ‘एफएल’ हा मॅक्रो पर्यायाआधीचं वजाचिन्ह स्वतःच घालतो.