वजन बरोबर, मग पोरगा खुजा कसा?

प्रश्न : ताई, माह्या पोराले दीड वर्ष झालं. अंगणवाडीत मोजला त 75 सेंटीमीटर भरला, सेविकाबाई म्हणते खुजा हाय. वजन त बरोबर हाय. सासूबाई म्हणते आमच्या घराण्यातच समदे ठेंगने. मी कपाशी वेचाले जातो, आहाराची मीटिंग दुपारी असते, मजुरी सोडून कशी जाऊ?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी एकदा परत मोजून घ्या. दोन वर्षांखालच्या लेकराला फळीवर झोपवून मोजतात, एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करायचे, पोरगं पाय झाडत असेल तर आकडा हमखास चुकतो. या वयाच्या मुलाची उंची सरासरी 82 च्या आसपास असते, 77 च्या खाली गेली की खुजेपणात धरतात.

आता घराण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये मुलांच्या वाढीचे हे तक्ते काढले ते भारतासकट सहा देशांतली मुलं मोजून, आणि चांगलं खाणंपिणं, स्वच्छता मिळाली तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची लेकरं जवळपास सारखीच वाढतात असं दिसलं. आपल्या राज्यात 2019-21 च्या पाहणीत शंभरातली 35 मुलं खुजी निघाली, एवढी सगळी काय घराण्यानं ठेंगणी असतात होय? आणि वजनावर जाऊ नका, चहा-बिस्किटावरही पोरगं गुटगुटीत दिसतं.

खरं सांगू का, मीटिंगला तुम्ही नाही गेलात तरी चालेल, सासूबाईंना पाठवा! दुपारी पोराला भरवतात त्या, आणि ऐकवतात मात्र आईला, हे मला कधीच पटलं नाही. सेविकाबाईंना म्हणा संध्याकाळी घरी येऊन आजीसमोर वाटीच दाखवा : वरणाचं वरचं पाणी नाही, खालचं घट्ट वरण, त्यात कुस्करलेला भात, चमचाभर तेल, तिखट टाकायच्या आधी बाजूला काढलेलं. जमेल तेव्हा अंडं, शेंगदाण्याचा कूट (अख्खे दाणे नको, घशात अडकतात). असं दिवसातून तीन-चारदा, मधे एखादं केळं वगैरे, अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. अंगणवाडीचं पाकीट पोराचंच, घरभर वाटू नका. चहा बंद, त्यानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

भरवायच्या आधी साबणानं हात धुवा, सारखी हगवण लागली की खाल्लेलं वाढीला उरत नाही. लागलीच तर ओआरएस, आशाताईकडून झिंकच्या गोळ्या 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण द्यायच्या, खाणं तोडायचं नाही. आणि शौचात रक्त दिसलं, पोरगं मलूल पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना तर थेट पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) गाठा.