मुंबईत पन्नाशीच्या आत नोकरी सोडली तर महिना चाळीस हजारांत भागेल का? आणि घरखर्च लिहायला कोणतं ॲप चांगलं?

ॲपचं नंतर सांगते, त्यावर माझं मत फारसं बरं नाही. आधी चाळीस हजारांचं बघू.

तुम्ही लिहिलंय की हा 'गेल्या सहा महिन्यांचा सरासरी खर्च' आहे. कुठले सहा महिने? जानेवारी ते जून असतील तर त्यात गणपती नाही, दिवाळी नाही. मेडिक्लेमचा हप्ता नेमका कुठल्या महिन्यात येतो तेही बघा. सहा महिन्यांच्या सरासरीवर नोकरी सोडू नका. हे मी अधिकाराने सांगते, कारण मी पूर्ण बारा महिन्यांचा हिशोब ठेवला होता आणि तरीही तोंडावर आपटले.

मी जानेवारी 2020 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय 51, अकाउंट्समध्ये 28 वर्षं. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल पेनाने शेरे मारण्यात उमर गेलेली, त्यामुळे चार माणसांच्या घराचा हिशोब तो काय, असा तोरा होता. मिस्टर त्याआधीच घरी बसले होते, त्यांची कंपनी बंद पडली म्हणून. 1 फेब्रुवारीला लाल पुठ्ठ्याची लांब वही आणली, पानं आखली, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला.

वर्षअखेरीला बेरीज मारली तर महिना सरासरी 19 हजार. तीनदा तपासली, बरोबरच होती. मिस्टरांना म्हटलं, आपण उगाच घाबरत होतो. आता कळतं, त्या वर्षी कितीतरी महिने लोकल आमच्यासाठी बंद, लग्नं मोजक्या माणसांत, गावाला जाणं नाही, गणपतीला घरात आम्ही चौघंच. माझी दाढ दुखत होती ती मी लवंगेवर काढली, दवाखान्यात जायची भीती म्हणून. जे जे झालंच नाही त्याचा तो 19 हजारांचा आकडा होता. हिशोब पैशापैशाला बरोबर आणि कामाचा शून्य. त्या आकड्याच्या जोरावर मी पैशांचा मोठा भाग पाच वर्षांच्या एफडीत टाकून मोकळी झाले.

2022 मध्ये सगळं एकदम वसूल झालं. तुंबलेली लग्नं लागली, दाढेला रूट कॅनल आणि कॅप, आणि सोसायटीने इमारतीच्या प्लास्टरचं काम काढलं: फ्लॅटमागे 1 लाख 40 हजार, चार हप्त्यांत. एफडी मोडली, दंड बसला. अकाउंट्सवालीला दंड बसला हे माझ्या जुन्या मैत्रिणींना मी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून वहीत दोन भाग केले. पुढून रोजचा खर्च, मागून वर्षाचा. रोजच्या खर्चात फार काही दम नाही, तो सगळ्यांचा साधारण सारखाच असतो आणि महिन्याला हजारभर इकडे-तिकडे होतो. खरी गोम मागच्या पानांत. 2022-23 ची मागची पानं अशी: मेडिक्लेम दोघांचा 58 हजार, दाढ 35 हजार, गणपती 24 हजार, आहेर 22 हजार, गावाला जाणं-येणं 18 हजार, दिवाळी आणि सगळ्यांची पोस्त मिळून 14 हजार, फ्रिजची दुरुस्ती वगैरे 9 हजार. बेरीज 1 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 15 हजार, जे कुठल्याच महिन्याच्या खर्चात दिसत नाहीत. पुढच्या पानांवरचे महिन्याचे 27 हजार आणि हे 15 धरून 42 हजार. प्लास्टर यात धरलेलं नाही. तर तुमचा चाळीस हजार हा पुढच्या पानांचा आकडा आहे की दोन्हीकडचा, ते आधी ठरवा. पुढच्याच पानांचा असेल तर भागणार नाही.

आता गणपतीचे ते 24 हजार. त्यावरून जे झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, मुलुंडच्या घरी, कारण मिस्टर थोरले. 31 ऑगस्ट 2022 ला दोन वर्षांनी सगळे जमले, 21 माणसं. मी सकाळपासून ओट्याशी, वही फ्रिजवर. पुतण्याने ती काढली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली: नारळ पाच, केळीची पानं, मोदकाची पिठी दोन किलो, भटजींची दक्षिणा, धूप. पोरगं सतरा वर्षांचं, त्याला गंमत. हशा झाला. तिथवर ठीक होतं. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, बाप्पाला तरी बिल लावू नका."

मीही हसले. हातात उकडीचं पातेलं होतं, दुसरं काय करणार? सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गिरणगावात वाढलेल्या, वाण्याच्या उधारीची वही त्यांनी लहानपणापासून पाहिलेली.

रात्री मिस्टरांना म्हटलं, इतकी वर्षं गणपती आपल्याकडे आहे, खर्चाचं कुणी एकदा तरी विचारलं का? ते म्हणाले, "जाऊ दे." त्यांचं सगळ्यालाच जाऊ दे असतं.

मी वही लिहिते म्हणून गणपतीत एक मोदक कमी पडलेला नाही. उलट लिहिते म्हणून मला जूनमध्येच माहीत असतं की आता एवढे लागणार, आणि ते बाजूला काढलेले असतात. ज्यांच्या खात्यात एक तारखेला पगार पडतो त्यांना वही म्हणजे कद्रूपणा वाटतो. पगार पडायचा तेव्हा मलाही वाटायचा. ऑफिसात एक बाई डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी ठेवून खर्च लिहायच्या, आम्ही त्यांची टिंगल करायचो. त्या आता भेटल्या तर माफी मागेन म्हणते.

काटकसर कुठे होते म्हणाल, तर माझी ग्राहक पंचायतीत होते. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून आहे. शेजारपाजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरायची, सामान ठरल्या दिवशी येतं, आपण मिळून वाटून घ्यायचं. भावात थोडं सुटतं, पण खरा फायदा यादीचा. महिनाभराचं आधी लिहून द्यायचं म्हटलं की बिस्किटांचे सहा प्रकार सुचत नाहीत. दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप मी मुलीच्या सांगण्यावरून एक महिना वापरली. कोथिंबीर मागवायला जायचं आणि चारशेचं बिल करून यायचं.

आणि भाव वाढतात हे लोक म्हणतात, माझ्याकडे लिहिलेलं आहे. बेस्ट बसचं किमान भाडं 2019 मध्ये 5 रुपये झालं होतं, मे 2025 मध्ये 10 झालं. वहीत त्या महिन्याचा 'बस' हा रकाना एकदम फुगलेला दिसतो. महागाई सहा टक्के धरलीत तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. तुम्ही 46 चे, म्हणजे 58 व्या वर्षी तुमच्या चाळीसचे ऐंशी.

गुंतवणुकीचं थोडक्यात, कारण त्यावर सांगणारे इथे ढीगभर आहेत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर आत्ता डोळा ठेवू नका, ती साठीनंतर. व्हीआरएसवाल्यांना पंचावन्नपासून मिळते, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ठरावीक मुदतीतच. मी 51 ला सुटले, त्यामुळे मला साठीपर्यंत थांबायचंय. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन पन्नाशीनंतर घेता येते, पण 58 च्या आधी जितकी वर्षं, तितक्या वर्षांचे दरवर्षी चार टक्के कापले जातात. मी घेतली नाही. मेडिक्लेम मात्र नोकरीत असतानाच स्वतःचा काढा. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स नोकरीबरोबर जातो, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबवून ठेवू शकतात. व्यक्तिगत पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, तेवढंच जरा बरं.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: आमचं घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, मुलगी आता कमावते. तुम्ही भाड्याने राहत असाल किंवा मुलांची शिक्षणं व्हायची असतील तर माझे आकडे सोडून द्या, ते तुमच्या कामाचे नाहीत.

ॲपचं. मुलीने एक घालून दिलं होतं, बँकेचे मेसेज वाचून आपोआप हिशोब करणारं. यूपीआयने भाजीवाल्याला दिलेले साठ रुपये ते त्याच्या नावावर 'ट्रान्सफर' म्हणून दाखवायचं, इस्त्रीवाला पण ट्रान्सफर, फुलवाली पण ट्रान्सफर. महिन्याअखेर मला कळलं की मी माझ्या पैशांपैकी तिसरा हिस्सा ट्रान्सफर खाते. काढून टाकलं. दुधाचे खाडे कालनिर्णयवर, बाकी वहीत, रात्री जेवणानंतर पाच मिनिटं. तुम्हाला मोबाइलवरच हवं असेल तर साधं एक्सेल करा, पण आकडा स्वतःच्या हाताने टाका.

एक रकाना मात्र जरूर ठेवा: कुणी दिले. तो मी त्या गणपतीनंतर आखला. भाऊजींना कधीतरी दाखवावं म्हणून जुना हिशोब शोधत होते. नोकरीत असताना गणपतीचा खर्च मी ऑफिसच्या डायरीत मागच्या पानावर टिपून ठेवायचे. 2017 च्या डायरीत सापडलं: 'भाऊजी 5,000, परत दिले.' अक्षर माझंच. मग आठवलंसुद्धा. पाकीट त्यांच्या हातात परत कोंबताना मी म्हणाले होते, थोरल्यांच्या घरचा गणपती, त्याला वर्गणी कसली? तेव्हा माझा पगार चालू होता.

मिस्टरांना हे अजून दाखवलेलं नाही. यंदा भाऊजींनी पुन्हा विचारलं तर घेणार आहे. आता ते विचारतील कशाला, हा प्रश्न आहेच.